विद्येचं माहेरघर आणि वाड्यातली हाक

शिनोली, घोडेगाव, मंचर, जुन्नर या आपल्या भागात बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच विषय निघतो. मुलीला पुण्याला पाठवायचं का? फीचा हिशेब होतो, वसतिगृहाची चौकशी होते, खानावळीच्या जेवणाची काळजी होते. आणि मग शेजारच्या एखाद्या काकू आवाज खाली आणून म्हणतात, "अगं, त्या पुण्यात अमावास्येच्या रात्री शनिवारवाड्यातून हाक ऐकू येते म्हणे!"

पुण्याला 'पूर्वेचं ऑक्सफर्ड' म्हणतात. गंमत अशी की विलायतेतलं खरं ऑक्सफर्डही भुतांच्या बाबतीत मागं नाही. तिथल्या मर्टन कॉलेजला लागून जुन्या तटाच्या कडेनं एक पायवाट जाते. तिचं नावच मुळी 'मेलेल्या माणसाची वाट'! १६४५ साली, इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध चालू असताना, विंडेबँक नावाच्या तरुण कर्नलनं आपल्या ताब्यातली गढी न लढता क्रॉमवेलच्या स्वाधीन केली. गढीत त्याची बायको होती, इतर बायका होत्या. त्यांच्या जिवासाठी त्यानं हार पत्करली, असं सांगतात. राजाच्या लोकांनी त्याला गोळ्या घालून मारलं. तेव्हापासून तो त्या वाटेवर फिरतो, आणि जमिनीची भर वाढल्यामुळं गुडघ्यापासून वरचाच दिसतो म्हणे!

कथा ऐकताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. मरण पुरुषाचं, पण कारण म्हणून बोट जातं ते बायकोकडं! आपल्या शनिवारवाड्याच्या कथेतही नेमकं हेच झालं आहे.

त्या दुपारी काय घडलं?

शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी घातला, आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. पुढं चाळीस वर्षांनी, नोव्हेंबर १७७२ मध्ये थोरले माधवराव थेऊरला गेले आणि धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. वय अवघं सतरा. काका रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. पगार थकल्याचं निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. 'काका, मला वाचवा' म्हणत नारायणराव काकांना जाऊन बिलगले, पण वाचले नाहीत. आपण सगळ्या ही कथा काळ्याकुट्ट रात्रीची समजतो. प्रत्यक्षात हे घडलं भर दुपारी, एकच्या सुमाराला! अर्ध्या तासात सारा खेळ आटोपला.

त्या अर्ध्या तासात एकटे नारायणराव गेले नाहीत. अकरा माणसं कापली गेली, आणि त्यांत दोन दासीही होत्या. पेशव्यांची हाक अडीचशे वर्षं पुण्याच्या कानांत आहे. त्या दोघींची हाक कुठल्याच गोष्टीत नाही. वाड्याला पाच दरवाजे आहेत. त्यांतला एक जांभूळ दरवाजा, दासी-बटकींच्या जाण्यायेण्याचा. नारायणरावांचा देह त्याच दारानं बाहेर नेला असं सांगतात, म्हणून त्याला पुढं 'नारायण दरवाजा' नाव पडलं. ज्या रोज त्या दारातून ये-जा करत, त्यांचं नाव मात्र त्याला मिळालं नाही.

'ध'चा 'मा' कुणी केला?

आता आनंदीबाईंकडं वळू. रघुनाथरावांनी 'नारायणरावास धरावे' असं लिहिलं आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. नाटकांनी ते पक्कं केलं. आजही कुणी कारस्थान केलं की आपण 'ध'चा 'मा' केला म्हणतो. पण हे अक्षर त्यांनीच बदललं का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी भर दरबारात दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना. गादी हवी होती ती त्यांना. लोकांच्या तोंडी मात्र कजाग काकूच राहिली! नवऱ्यामागं आनंदीबाईही कैदेतच राहिल्या आणि १७९४ साली गेल्या.

तिसरी बाई म्हणजे गंगाबाई, नारायणरावांची पत्नी. त्या वेळी त्यांना दिवस गेलेले होते. नवरा घरातच मारला गेला, आणि मारणाराच पेशवा होऊन बसला! नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदर किल्ल्यावर नेलं. भीमाशंकरच्या देवळाचं शिखर बांधणारे, ते हेच नाना. सगळ्या मराठी राज्याचं लक्ष त्या एका बाळंतपणाकडं लागलं होतं. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. गंगाबाई त्यानंतर तीनच वर्षांनी वारल्या.

१८२८ साली आग लागून वाडा आतून जळून गेला. राहिला तट, राहिले दरवाजे आणि जोती. अशा ओसाड जागेत वारा घुमला तरी हाक वाटणारच.

पुण्याची दुसरी ओळख

वाड्यापासून हाकेच्या अंतरावर बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्या काळी बाई शिकली की नवरा मरतो, असं भलेभले म्हणत. भीती घालायला भूतच लागतं असं नाही!

पुढं नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि १८८९ साली थेट ऑक्सफर्डला पोचली. १८९२ मध्ये ती कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिथं कायदा शिकलेली ही पहिली स्त्री. पण बायकांना पदवी द्यायची तिथं तेव्हा पद्धत नव्हती. ती तिच्या हाती पडली १९२२ साली, तीस वर्षांनी! मधल्या काळात ती स्वस्थ बसली नाही. पडद्यातल्या विधवांच्या मालमत्तेसाठी तिनं कायद्याची लढाई चालू ठेवली. आणि १९४९ साली गणेशखिंडीत, गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्यात सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांना घेऊन शनिवारवाडा जरूर बघा. उन्हं कलल्यावर जा, प्यायचं पाणी बरोबर ठेवा, आणि भुताची गोष्टही सांगा. मुलांना ती आवडते. पण ती 'काका, मला वाचवा'वर संपवू नका. त्या दोन दासींचं सांगा, गंगाबाईंचं सांगा, 'ध'च्या 'मा'चा निकाल इतक्या झटपट का लावू नये तेही सांगा. मग तिथून भिडे वाड्याच्या जागेपर्यंत चालत जा. आणि निकालानंतर काकू पुन्हा हाकेची गोष्ट काढतील, तेव्हा त्यांना चहा द्या आणि लेकीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बसा.