घराचा नकाशा आणि घराची खतावणी

भिलाई येथील पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबर नगरीही वसत गेली आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबांनीही येथे आपला संसार थाटला. मरोदा हा या नगरीचाच एक भाग. कारखान्याला पाणी पुरविणारा जलाशय, दल्ली-राजहराच्या खाणींकडे जाणारा लोहमार्ग, त्यावरील लहानसे स्थानक आणि क्वार्टरांच्या रांगा ही त्याची ओळख.

क्वार्टरमध्ये नोकरीची सारी वर्षे काढलेल्या कुटुंबाला आपल्या स्नानगृहाचे दार किती रुंद आहे, असा प्रश्न सहसा पडत नाही. त्या प्रकारच्या सर्व घरांची मापे दप्तरी नोंदलेली असतात. तोटी गळू लागली की तक्रार नोंदवायची आणि कारागिराची वाट पाहायची, एवढेच काम उरते. निवृत्तीचा दिनांक जवळ येतो तेव्हा मात्र चित्र पालटते. क्वार्टर सोडायचे असते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि गृहकर्ज यांच्या आधारे स्वतःच्या भूखंडावर घर बांधायचे असते. आजवर दुसऱ्या कोणी सांभाळलेले दप्तर त्या दिवसापासून घरमालकाच्या हाती येते. ते कसे ठेवावे, हा या लेखाचा विषय आहे.

चित्र आणि नोंद

अलीकडे घराचा पहिला आराखडा पुष्कळदा घरातच, संगणकावर तयार होतो. पुण्यात किंवा बंगळूरमध्ये नोकरी करणारा मुलगा अथवा मुलगी तो काढून आई-वडिलांना पाठविते. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडने रेखाचित्राचे काम सामान्य संगणकावर आणले. २००० साली आलेल्या स्केचअपने त्रिमितीय चित्र काढणे सुलभ केले. रेव्हिट आणि चीफ आर्किटेक्ट या प्रणाली व्यावसायिकांच्या वापरात आहेत, तर स्वीट होम थ्रीडी ही प्रणाली विनामूल्य मिळते. पडद्यावर भिंतींना रंग चढतो, खिडकीतून ऊन आत येते आणि कुटुंबाचे समाधान होते.

परंतु गवंडी त्या रंगीत चित्रावरून भिंत उभारीत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात : मापे दाखविलेला नकाशा, टिपणे आणि अनुसूची. जे रेषेने सांगता येत नाही ते टिपण सांगते. उदाहरणार्थ, ‘या भिंतीतून पाण्याचा नळ जातो, येथे खिळा ठोकू नये’. अनुसूची म्हणजे एकाच जातीच्या वस्तूंचा तक्ता. दारे किती, कोणत्या मापाची, कोणत्या लाकडाची, कोणत्या बाजूस उघडणारी, हे सारे तीत ओळीने मांडलेले असते.

बँकेच्या ग्राहकाला ही रचना अपरिचित नाही. व्यवहार घडला की त्याची नोंद किर्दीत होते आणि तेथून ती खतावणीत आपापल्या खात्यावर जाते. टिपण ही घराची किर्द आणि अनुसूची ही घराची खतावणी. दोन्हींचा मेळ बसला तर हिशेब बरोबर. पोलाद कारखान्यात पाळी बदलताना नोंदवही एका हातातून दुसऱ्या हातात देणाऱ्यांनाही या शिस्तीची महती वेगळी सांगावयास नको.

अडीच फुटांचे दार

नोंद अपुरी राहिली तर काय घडते, हे एका दारावरून समजेल. समजा, अनुसूचीत स्नानगृहाच्या दारापुढे ‘रुंदी अडीच फूट’ एवढेच लिहिले आहे. हे माप भिंतीतील मोकळ्या जागेचे, चौकटीसह दाराचे, की माणसाला प्रत्यक्ष जाण्यासाठी मिळणाऱ्या वाटेचे, याचा खुलासा नाही. गवंडी भिंतीत ३० इंच जागा सोडतो. सुतार अडीच इंच रुंदीची चौकट दोन्ही बाजूंना बसवितो. पाच इंच तेथेच गेले, उरले २५. दार काटकोनात उघडल्यावर फळीच्या जाडीमुळे आणखी इंच-सव्वा इंच जागा जाते. पंचवीस-सव्वीस इंच रुंदीची चाकांची खुर्ची या वाटेने आत जाऊ शकत नाही.

साठाव्या वर्षी घर बांधणाऱ्या दांपत्याला आज त्या खुर्चीची गरज नसेल. पंधरा वर्षांनी ती भासू शकते, आणि त्या वेळी फरशा, गिलावा व चौकट फोडून दार रुंद करण्याचा खर्च व त्रास वयाच्या नको त्या टप्प्यावर पदरी येतो. सर्वांना सुगम्य अशा बांधकामासाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची किमान मोकळी वाट ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट, सांगितली आहे. म्हणून अनुसूचीत रुंदीचा एक रकाना पुरत नाही. ‘भिंतीतील जागा’, ‘चौकटीचे बाह्य माप’ आणि ‘मोकळी वाट’ असे तीन स्वतंत्र रकाने असावेत. हे दोन जादा रकाने भरण्यास काही मिनिटे लागतात.

एक वस्तू, एक क्रमांक

अनुसूचीचा पहिला नियम असा की, प्रत्येक प्रकाराला एकच क्रमांक असावा आणि तो नकाशावर, तक्त्यात व अंदाजपत्रकात तोच राहावा. आपल्याकडे दारांसाठी डी-१, डी-२, खिडक्यांसाठी डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ आणि झरोक्यांसाठी व्ही-१ अशी पद्धत रूढ आहे. ‘मोठ्या खोलीची खिडकी’ असे वर्णन टाळावे; काम सुरू असताना खोल्यांची नावे बदलतात, क्रमांक बदलत नाहीत. एखादा प्रकार रद्द झाला तर त्याचा क्रमांक दुसऱ्या वस्तूस देऊ नये. बंद केलेल्या खात्याचा क्रमांक नव्या ग्राहकास दिल्याने जो घोटाळा होईल, तोच येथेही होतो.

तक्ता हाताने लिहू नये

पुष्कळ जण नकाशा संगणकावर काढतात आणि अनुसूची मात्र वेगळ्या कागदावर टंकित करतात. येथेच चुकीला वाट मिळते. समजा, डब्ल्यू-१ प्रकारच्या सहा खिडक्या चार फूट रुंद व चार फूट उंच होत्या. पुढे हवा जास्त यावी म्हणून त्यांची रुंदी नकाशावर पाच फूट केली, पण तक्ता जुनाच राहिला. ग्रील करणारा कारागीर तक्ता पाहतो आणि जुन्या मापाच्या सहा ग्रिली घेऊन येतो. प्रत्येक खिडकीमागे चार, म्हणजे एकूण २४ चौरस फुटांची तफावत पडते. शिवाय लिंटेलची लांबी, काच, डासांची जाळी आणि खिडकीखालची दगडी पट्टी हे सारे त्या एका बदलाशी जोडलेले असते.

यावर उपाय प्रणालीतच असतो. रेव्हिटमध्ये अनुसूची नकाशाशी जोडलेली राहते. दाराचे माप बदलले की तक्ताही बदलतो. ऑटोकॅडमध्ये दार-खिडकीच्या चिन्हास गुणधर्म जोडून त्यांतून तक्ता काढता येतो, मात्र बदलानंतर तो अद्ययावत करण्याचे भान ठेवावे लागते. स्वीट होम थ्रीडीमध्ये नकाशावर ठेवलेल्या वस्तूंची, दारे-खिडक्यांसह, मापांची यादी आपोआप तयार होते आणि ती तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येते. प्रणाली कोणतीही असो, माप एकाच ठिकाणी भरावे आणि इतरत्र ते तेथूनच घ्यावे.

टिपणांचे वर्ग करावेत

सर्व टिपणे एकाच नकाशावर दाटीने लिहिली तर कोणीच ती वाचत नाही. त्यांचे वर्ग करावेत : बांधकाम, वीज, पाणी व निचरा, सुतारकाम आणि ‘निर्णय बाकी’. प्रत्येक वर्गासाठी प्रणालीत वेगळा स्तर ठेवला की विजेच्या कामगारास केवळ त्याचीच टिपणे छापून देता येतात. टिपणासही क्रमांक द्यावा आणि नकाशावर त्या जागी फक्त क्रमांक लिहावा. मजकूर बाजूच्या तक्त्यात असावा.

भिलाईच्या उन्हाळ्यात कूलर ही निकडीची वस्तू. तरीही तो कोठे बसणार, याची नोंद आराखड्यात अनेकदा नसते. घर पूर्ण झाल्यावर ग्रील कापावी लागते, वीज खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आणावी लागते आणि पाणी बादलीने भरावे लागते. ‘डब्ल्यू-२ : बाहेरून कूलरचा आधार, बाजूस वीजजोड, पाण्याची तोटी व निचऱ्याची नळी’ या एका टिपणाने हे सारे टळते, कारण एकाच टिपणातून चार कारागिरांना आपापले काम कळते.

‘निर्णय बाकी’ हा वर्ग सर्वांत महत्त्वाचा. फरशीचा रंग ठरला नाही, ओट्याची उंची ठरली नाही, जिन्याखालच्या जागेचे ठरले नाही, अशा बाबी डोक्यात ठेवण्यापेक्षा यादीत ठेवाव्यात. प्रत्येकीपुढे निर्णय कोणी घ्यावयाचा आणि कोणत्या कामापूर्वी, हे लिहावे. ओट्याची उंची नळ टाकण्यापूर्वी ठरली पाहिजे. पडद्याचा रंग थांबू शकतो. कुटुंबाने आठवड्यातून एकदा ही यादी एकत्र वाचावी. पैशाच्या ताणातून आणि ऐन वेळच्या घाईतून होणारे कितीतरी वाद यामुळे उद्भवतच नाहीत.

मापाची भाषा आणि माणसाची भाषा

संगणकातील प्रणाली मिलिमीटरमध्ये बोलते, गवंडी फूट-इंचांत आणि सुतार सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. तीन फूट म्हणजे ९१४ मिलिमीटर. नकाशावर ९०० लिहून तोंडी ‘तीन फूट’ सांगितले तर १४ मिलिमीटरचा फरक पडतो. सात फूट आणि २१०० मिलिमीटर यांत ३४ मिलिमीटरचा. तयार दार विकत आणल्यावर हा फरक लक्षात येतो आणि रंधा हाती घ्यावा लागतो. म्हणून आराखड्याच्या आरंभीच एक एकक ठरवावे आणि छापील तक्त्यात दुसरे एकक शेजारच्या रकान्यात द्यावे.

भाषेचेही तसेच. घरातील चर्चा मराठीत, प्रणालीतील शब्द इंग्रजी आणि कारागीर हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारा, अशी मरोद्यासारख्या ठिकाणची स्थिती असते. कारागिराच्या हाती जाणारी टिपणे सोप्या हिंदीत छापावीत आणि एकदा वाचून दाखवावीत. वाचताना त्याने विचारलेला प्रश्न हेच पुष्कळदा पुढचे आवश्यक टिपण ठरते.

दिनांकाविना नोंद नाही

प्रत्येक छापील प्रतीवर सुधारणा क्रमांक आणि दिनांक असावा, तसेच काय बदलले हे एका ओळीत लिहावे. नवी प्रत कामावर गेली की जुनीवर ‘रद्द’ असे ठळक लिहून ती परत घ्यावी. भिंतीला चिकटविलेली तीन महिन्यांपूर्वीची प्रत आणि ठेकेदाराच्या भ्रमणध्वनीवरील कालची प्रत यांत भिंतीवरचीच पाहिली जाते. मूळ धारिका संगणकाबरोबरच अन्यत्रही जतन करावी आणि प्रत्येक सुधारणेची छापण्याजोगी प्रत वेगळी ठेवावी; प्रणाली पुढे बंद पडली तरी कागद उघडता येतो.

एक मर्यादा येथे स्पष्ट केली पाहिजे. घरी काढलेला आराखडा हा विचार पक्का करण्यासाठी आहे. पाया, स्तंभ, तुळया आणि छत यांचा निर्णय अर्हताप्राप्त अभियंत्याचाच असावा आणि बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणेच व्हावे.

बँकेच्या दृष्टीने

स्वतःच्या भूखंडावरील बांधकामासाठी दिले जाणारे गृहकर्ज सामान्यतः टप्प्याटप्प्याने मिळते : जोते, लिंटेल, छत, गिलावा आणि अखेरची कामे. मंजुरीच्या वेळी नकाशा व अंदाजपत्रक पाहिले जाते आणि पुढील प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष काम किती झाले हे तपासले जाते. अनुसूची नेमकी असेल तर अंदाजपत्रकातील परिमाणे तिच्यावरूनच येतात आणि दारे-खिडक्यांपोटी धरलेली रक्कम अंदाजाने फुगत नाही वा आक्रसत नाही. याउलट, मंजुरीनंतर वाढलेला खर्च कर्जातून भागेलच असे नाही. तो बहुधा निवृत्तीच्या ठेवीतून काढावा लागतो. म्हणून बदल करण्यापूर्वी अनुसूचीत ‘वाढीव खर्च’ असा एक रकाना ठेवून बेरीज पाहावी. बदल करावा की नाही, हे ठरविण्यास ती बेरीज पुरेशी असते.

घर पूर्ण झाल्यावरही या दप्तराचे काम संपत नाही. भिंतीतून गेलेल्या नळ्यांची छायाचित्रे, पंपाचे हमीपत्र, रंगाचा क्रमांक, पाण्याची टाकी धुतल्याचा दिनांक हे सारे त्याच तक्त्यात येत राहावे. क्वार्टरमध्ये असताना तोटी गळली की दप्तर दुसऱ्याचे असे. आता ते त्याच कपाटात, कर्जखात्याच्या कागदांशेजारी असते आणि नळ कोठून गेला आहे हे घरातील कोणालाही पान उघडून सांगता येते.