हिरकणीवाडीत फिल्टर काढून ठेवा

मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. सुमारे 1,340 प्रकाशवर्षांवरचा वायूचा ढग आहे. त्याचा फोटो काढायचा तर दुर्बीण गाडीत घालून रायगडच्या पायथ्याची हिरकणीवाडी गाठायला हवी, असं बहुतेकांना वाटतं. या जातीच्या तेजोमेघांपुरतं ते खरं नाही. पुण्या-मुंबईची गच्चीही पुरते.

ढगातल्या तापलेल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि परतताना ठरावीक रंगांचाच प्रकाश देतात. त्यातला ठळक लाल 656.3 नॅनोमीटरचा, हौशी मंडळींचा ‘एच-अल्फा’. ऑक्सिजनची हिरवट रेषा 500.7 वर.

या हिरवट रेषेचा पुण्याशी जुना संबंध आहे. तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी 1891च्या सुमारास मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. ही रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असं नॉर्मन लॉकियर यांच्यासारखा मातब्बर शास्त्रज्ञ सांगत होता. नायगामवालांना मात्र ती दर वेळी धारदारच दिसली. म्हणजे मॅग्नेशियम बाद. मग ‘नेब्युलियम’ नावाचं मूलद्रव्य कल्पून लोकांनी काम भागवलं. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी दाखवलं ते 1927 मध्ये.

आजचा गच्चीवरचा फोटोग्राफर याच रेषांवर जगतो. कॅमेऱ्यापुढचा फिल्टर त्यांच्या आजूबाजूचे जेमतेम 3 ते 7 नॅनोमीटर आत सोडतो. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा 589च्या आसपासचा, तो बाहेरच अडतो. एलईडीचा उजेड साऱ्या रंगांत पसरलेला, म्हणून जास्त त्रासदायक; पण त्याचाही बारीकसा काप तेवढा आत येतो. आता प्रकाशच थोडा, म्हणून काही मिनिटांचे अनेक फोटो घेऊन एकावर एक रचायचे. चौपट फोटो घेतले की चित्रातली खरखर निम्म्यावर येते. साधा डीएसएलआर मात्र आतल्या फिल्टरमुळे एच-अल्फाचा बराचसा भाग गाळून टाकतो.

मग हिरकणीवाडीला कशाला जायचं? कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धुक्यासाठी, देवयानी दीर्घिकेसाठी. तो ताऱ्यांचाच प्रकाश, सगळ्या रंगांत विखुरलेला. तिथे फिल्टर काही कामाचा नाही, अंधारच लागतो. पावसाळा सोडून, अमावास्येच्या आसपास जा. इथे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त 18 अंशांवर असतो. उत्तरेला डोंगर आडवा येणार नाही अशी जागा दिवसाउजेडीच हेरून ठेवा, नाहीतर दुर्बिणीच्या माउंटचा अक्ष ध्रुवाशी जुळवताना रात्र जाईल.

गडावर नेणाऱ्या रोपवेमुळे पर्यटक इथे येतच राहणार, त्यांच्यासाठी दिवेही लागणार. मुक्काम कराल तिथल्या मालकांना एवढंच सांगा: अंगणातल्या दिव्याला वरून टोपी बसवा, उजेड जमिनीवर पडू द्या.