छोटी पागा भाड्याने देताना : जमीन, जनावर आणि जबाबदारी

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दिल्लीबरोबरच हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या राज्यांतील लगतच्या जिल्ह्यांचाही समावेश होतो. या विस्तीर्ण पट्ट्यात, विशेषतः छतरपूर, गुरुग्राम, सोहना आणि नोएडा परिसरात, शेतजमिनींवर व फार्महाउसांच्या आवारात घोड्यांच्या छोट्या पागा दिसू लागल्या आहेत. देशातील घोड्यांची व तट्टांची संख्या 2019 च्या विसाव्या पशुगणनेत सुमारे 3.4 लाख नोंदली गेली. 2012 च्या तुलनेत ती सुमारे 45 टक्क्यांनी घटली आहे. टांगा आणि ओझे वाहणारा घोडा मागे पडत असताना महानगरांच्या सीमेवर हौशी अश्वारोहणाचा घोडा मात्र स्थिरावतो आहे. पुणे, मुंबई व नाशिकच्या परिसरातील शेतकऱ्यांनाही हे चित्र अपरिचित नाही.

आठ-दहा ठाणांची पागा बांधलेला प्रत्येक जमीनधारक ती स्वतः चालवू शकतोच असे नाही. अशा वेळी ती एखाद्या पागा-व्यवस्थापकाला भाड्याने दिली जाते. हा व्यवस्थापक इतरांचे घोडे मासिक शुल्क घेऊन सांभाळतो आणि बहुधा अश्वारोहणाचे वर्गही चालवतो. इंग्रजी परंपरेत या व्यवसायास ‘लिव्हरी’ म्हणतात. जमीनधारकास नियमित उत्पन्न मिळते, बांधकाम पडून राहत नाही. तथापि गोदाम भाड्याने देणे आणि पागा भाड्याने देणे यांत मूलभूत अंतर आहे. गोदामाचा करार संपला की माल हलवता येतो. पागेचा करार संपला तरी घोडा ठाणावर उभाच असतो आणि त्याला त्याच दिवशी वैरण-पाणी लागते. हे अंतर ध्यानी घेऊनच करार करावा, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

एक ठाण, तीन पक्ष

मराठी वाचकाला शिलेदार आणि बारगीर हे शब्द ठाऊक आहेत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, तर बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा मेला किंवा निकामी झाला तर नुकसान कोणाचे, हे त्या भेदावरून ठरत असे. आजच्या पागेत गुंता अधिक आहे. जमीन एकाची, व्यवहार दुसऱ्याचा आणि घोडा तिसऱ्याचा. जमीनधारकाचा करार व्यवस्थापकाशी असतो. घोड्याच्या मालकाशी त्याचे कोणतेही कागदोपत्री नाते नसते.

घोडेमालक आणि व्यवस्थापक यांच्यातील संबंधांना भारतीय संविदा अधिनियम, 1872 मधील निक्षेपाच्या तरतुदी लागू पडतात. कलम 151 नुसार, सामान्य समजूतदार मनुष्य स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. कलम 150 मधील एक उदाहरण तर घोड्याचेच आहे. घोडा खोडकर आहे हे ठाऊक असूनही मालकाने ते न सांगता तो दुसऱ्यास वापरावयास दिला आणि घोडा उधळून स्वार जखमी झाला, तर देणारा जबाबदार ठरतो. कलम 163 मधील उदाहरण सांभाळावयास ठेवलेल्या गाईचे आहे. तिला वासरू झाले तर गाईबरोबर तेही मूळ मालकास परत द्यावे लागते. पागेत घोडी व्याली तर शिंगराबाबत हाच न्याय लागू होतो. याशिवाय प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960 चे कलम 3 प्राणी ज्याच्या ताब्यात वा देखभालीत आहे त्या प्रत्येकावर त्याच्या कल्याणाचे कर्तव्य सोपवते.

व्यवस्थापकाने अचानक काम सोडले तर हे घोडे कोणाच्या देखभालीत राहिले, हा प्रश्न त्याच सकाळी जमीनधारकापुढे येऊन ठेपतो. म्हणून पागेतील प्रत्येक घोड्याच्या मालकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी यांची अद्ययावत यादी जमीनधारकाजवळ असणे अत्यावश्यक आहे.

ही शेती समजावी काय?

पागा शेतात आहे, तिथे वैरण आहे, लीदखत आहे. म्हणून हा व्यवहार शेतीचाच, असा समज सहज होतो. कायदा मात्र सर्वत्र तसे मानत नाही. वस्तू व सेवा कराच्या 2017 च्या दर-अधिसूचनेत शेती व पशुसंगोपनाशी निगडित सेवांना सूट आहे. रिकामी जमीन, तसेच तिच्या वापरास पूरक बांधकाम भाड्याने देणेही त्या सूटीत येते. परंतु त्याच नोंदीत घोड्यांचे संगोपन स्पष्ट शब्दांत वगळले आहे. गोठ्यासाठी जागा देणारा आणि पागेसाठी जागा देणारा हे करदृष्ट्या एकाच पंक्तीत बसत नाहीत. पागेचे भाडे शेती-उत्पन्न म्हणून दाखवण्यापूर्वीही सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

जमिनीच्या वापराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दिल्ली जमीन सुधारणा अधिनियम, 1954 लागू असलेल्या गावांत भूमिधराला आपली जमीन शेती, फलोद्यान व पशुपालन यांसाठी वापरता येते. मात्र कलम 35 नुसार ती भाड्याने देण्यास मनाई असून विधवा, अज्ञान, अपंग, सैन्यात कार्यरत अशा कलम 36 मधील मोजक्या वर्गांनाच अपवाद आहे. बिगरशेती वापर झाल्यास कलम 81 खाली जमिनीतून निष्कासनाची कारवाई होऊ शकते. अश्वारोहणाच्या वर्गाला पशुपालन म्हणता येईल काय, हा वादाचा विषय ठरू शकतो. शहरी म्हणून अधिसूचित झालेल्या गावांत हा अधिनियम लागू राहत नाही. तेथे बृहद् आराखड्याचे नियम पाहावे लागतात. हरियाणातील नियंत्रित क्षेत्रांत 1963 च्या अधिनियमानुसार भूवापर बदलाची परवानगी तपासावी लागते. एकाच राजधानी क्षेत्रात दहा किलोमीटरवर कायदा बदलतो, ही बाब विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावी.

कराराचा प्रयोजन-उल्लेखही महत्त्वाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 106 नुसार, अन्य ठराव नसल्यास शेतीसाठीचा पट्टा वर्षागणिक मानला जातो व त्यास सहा महिन्यांची नोटीस लागते. इतर प्रयोजनाचा पट्टा महिनेवारी मानला जाऊन पंधरा दिवसांची नोटीस पुरते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा कलम 107 नुसार नोंदणीकृतच असावा लागतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कूळ लागण्याची धास्ती पिढ्यान्पिढ्या आहे. त्या धास्तीपोटी तोंडी व्यवहार करणे हा उपाय होऊ शकत नाही. प्रयोजन, मुदत आणि ताब्याचे स्वरूप स्पष्ट लिहिलेला करारच जमीनधारकाचे रक्षण करतो.

रोग आला तर

पागेच्या व्यवहारातील सर्वांत मोठी जोखीम संसर्गजन्य रोगाची आहे. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोडा, गाढव व खेचर यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होऊ शकतो. नाकातून चिकट स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, त्वचेवर गाठी ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. यावर लस उपलब्ध नाही. निदान निश्चित झाल्यास बाधित जनावर नष्ट करावे लागते. 2017 च्या अखेरीस व 2018 च्या प्रारंभी दिल्लीत या रोगाने बाधित घोडे आढळले आणि अश्ववर्गीय जनावरांच्या ने-आणीवर निर्बंध आले. नमुन्यांच्या तपासणीसाठी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा आधार मिळतो. 1985 मध्ये स्थापन झालेले हे केंद्र राजधानीपासून फार दूर नाही.

प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 च्या कलम 4 नुसार अनुसूचित रोगाचा संशय येताच ती माहिती देण्याचे बंधन घोड्याच्या मालकावर तसेच जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही आहे. केंद्र शासनाने 2025 मध्ये जाहीर केलेल्या सुधारित कृती आराखड्यानुसार रुग्ण आढळलेल्या ठिकाणापासून 2 किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र बाधित, तर 2 ते 10 किलोमीटरचे क्षेत्र देखरेखीचे मानले जाते. म्हणजे रोग शेजारच्या पागेत निघाला तरी आपल्या पागेतील घोडे अडकतात. अशा काळात भाडेकराराची मुदत संपली तर घोडे हलवता येत नाहीत आणि ठाणे रिकामी होत नाहीत. त्या दिवसांचे भाडे कोणी द्यावे, वैरण कोणी पुरवावी, निर्जंतुकीकरणाचा खर्च कोणाचा? या प्रश्नांची उत्तरे रोग येण्यापूर्वीच लिहिलेली असावीत. भरपाई मिळाली तरी ती घोड्याच्या मालकासाठी असते, रिकाम्या ठाणांसाठी नाही.

शिस्तबद्ध व्यवस्थापनाने काय साधते, याचे उदाहरणही याच क्षेत्रात आहे. मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्राला जुलै 2025 मध्ये जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने देशातील पहिला अश्वरोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली. प्रवेशावरील नियंत्रण, विलगीकरण, नोंदी व नियमित तपासणी हा अशा कक्षाचा पाया असतो. लष्करी केंद्राची साधने छोट्या पागेजवळ नसतात. पण नव्या घोड्यास किमान तीन आठवडे वेगळ्या ठाणावर ठेवणे, त्याचा तोबरा, खरारा व पाण्याची बादली वेगळी राखणे आणि येण्याजाण्याची वही ठेवणे यांस फारसा खर्च येत नाही.

वैरण, पाणी आणि लीद

सुमारे 450 किलो वजनाचा घोडा दिवसाला शरीरभाराच्या 1.5 ते 2.5 टक्के शुष्क आहार घेतो, 25 ते 50 लिटर पाणी पितो आणि 20 ते 25 किलो मलमूत्र टाकतो. दहा घोड्यांच्या पागेत, अंथरूण वगळूनही, महिन्याला 6 ते 7.5 टन मलमूत्र जमा होते. ते उचलले गेले नाही तर चावऱ्या माश्या वाढतात. सर्रा या रोगाचा प्रसार अशा माश्यांमार्फतच होतो. व्यवस्थापक गेल्यावर मागे उरलेला लिदीचा ढीग जमीनधारकाला उपसावा लागतो, म्हणून हा मुद्दा करारात असलाच पाहिजे. दुसरीकडे, हीच लीद उत्पन्नाचे साधन होऊ शकते. गव्हाचे काड व घोड्याची लीद हे बटण अळिंबीच्या कंपोस्टचे पारंपरिक घटक आहेत आणि हरियाणातील सोनीपत परिसर अळिंबी उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. जमीनधारकाकडे शेती शिल्लक असेल तर त्याने बरसीम, ओट व लसूणघास पिकवून ठरावीक दराने पागेस पुरवावे. भाड्याबरोबर वैरणीचे उत्पन्न मिळते आणि घोड्यांच्या आहारातही सातत्य राहते. आहारात एकाएकी बदल झाल्यास घोड्याला पोटशूळ होण्याचा धोका असतो.

यमुनेच्या पूरक्षेत्रातील जागेबाबत विशेष सावधगिरी हवी. 13 जुलै 2023 रोजी दिल्लीत यमुनेची पातळी 208.66 मीटरपर्यंत चढली. धोक्याची पातळी 205.33 मीटर आहे. पूरक्षेत्रात बांधकामावर कडक निर्बंध आहेत. शिवाय घोडे उंच जागी हलवण्याची जागा व वाहन यांची तजवीज पावसाळ्यापूर्वीच करावी लागते.

करारात असावीत अशी कलमे

• ठेवावयाच्या घोड्यांची कमाल संख्या. ठाणांपेक्षा अधिक घोडे न घेण्याची अट.
• प्रत्येक घोड्याची ओळख, मालक, आगमनाची तारीख, ग्लँडर्स व अश्व संसर्गजन्य रक्तक्षय यांच्या तपासणीचा दाखला, धनुर्वात व इन्फ्लुएन्झा लसीकरण यांची नोंदवही. तिची प्रत दरमहा जमीनधारकास.
• तातडीच्या उपचारांचा निर्णय कोणी घ्यावा आणि खर्च कोणी सोसावा.
• रोगनिर्बंधाच्या काळातील भाडे, वैरण व निर्जंतुकीकरण.
• मोतद्दारांचे वेतन, निवास व अपघात विमा. स्वारांच्या अपघाताबाबत त्रयस्थ दायित्व विमा.
• लीद उचलण्याची मुदत व जागा. पाणी व वीज यांची स्वतंत्र मोजणी.
• दोन महिन्यांच्या वैरणखर्चास पुरेल एवढी अनामत. व्यवस्थापक निघून गेल्यास घोडेमालक घोडे परत नेईपर्यंत ती रक्कम जनावरांच्या पोटासाठीच वापरावी.
• घोडेमालकांनी थेट जमीनधारकास द्यावयाचे हमीपत्र : सूचना मिळताच ठरलेल्या दिवसांत घोडा नेण्याची.

भाडे ठोक ठरवावे की ठाणागणिक, हा प्रत्येकाच्या सोयीचा प्रश्न आहे. ठाणागणिक भाड्यात घोडे वाढवण्याचा मोह दोन्ही पक्षांना होतो, म्हणून कमाल संख्येची अट तेथे अधिक काटेकोर असावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी अशा जमीनधारकांची गाठ पशुवैद्यकीय अधिकारी, तलाठी किंवा पटवारी आणि वकील यांच्याशी करार होण्यापूर्वी घालून द्यावी. करार झाल्यावर दिलेला सल्ला बहुधा वादाच्या कामी येतो, जनावराच्या कामी येत नाही. पागेची किल्ली देण्यापूर्वी जमीनधारकाने एकच प्रश्न विचारावा : उद्या व्यवस्थापक आला नाही, तर या घोड्यांना सकाळची वैरण कोण घालील? करारात त्याचे नावानिशी उत्तर सापडले, तरच सही करावी.