नॅनो-कण आणि पेशींतील मूळ दप्तर

टूथपेस्ट, उन्हापासून रक्षण करणारीं मलमें, मिठाईचे रंग अशा नित्याच्या वस्तूंत सांप्रत नॅनो-कण आढळतात. २०२१ सालापासून नॅनो युरियाही शेतांत आला आहे. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. १ ते १०० नॅनोमीटरांच्या कणांस सामान्यतः हें नांव देतात. असे कण अनुवंशाची हानि करितात काय, हें कसें पारखतात तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

प्रत्येक पेशींत डीएनए नांवाचें जणू मूळ दप्तर असतें. पेशी दुभंगतांना त्याची नक्कल होते. फेरफारांत राहिलेली चूक जशी पुढील प्रत्येक उताऱ्यांत उतरते, तद्वत् येथेंही होतें. बहुतेक चुका पेशी स्वतः दुरुस्त करिते. परंतु राहिलेली चूक कर्करोगास कारण होऊं शकते, व बीजपेशींत असल्यास संततीपर्यंत पोंचूं शकते.

परीक्षा मुख्यत्वें तीन आहेत. पहिली, अमेरिकेंतील ब्रूस एम्स यांनीं १९७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणिलेली, जंतूंवर करावयाची. विरघळणाऱ्या रसायनांस ती उपयुक्त आहे. परंतु जंतूंच्या भित्तिकेमुळें नॅनो-कण पुष्कळदां आंत जातच नाहींत. कुंपणाबाहेर राहिलेल्या गुरानें पीक खाल्लें नाहीं, एवढ्यावरून तें गरीब ठरत नाहीं.

दुसरी सूक्ष्म-केंद्रकाची. गुणसूत्र तुटल्यास त्याचा तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर राहतो. असे तुकडे सूक्ष्मदर्शकांतून मोजतात. ह्या परीक्षेंत पेशीची विभागणी अर्ध्यावर थांबविणारें जें द्रव्य वापरतात, तें कण आंत घेण्याची क्रियाही रोखतें. यास्तव कण आधीं व द्रव्य मागाहून घालावें लागतें.

तिसरी धूमकेतूची. काचेवर बसविलेल्या पेशी उकलून वीज सोडली असतां तुटलेला डीएनए शेपटीसारखा ओढला जातो. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण मात्र उजेडांत काचेवरच डीएनए तोडूं शकतात. म्हणून काम अंधुक प्रकाशांत करावें लागतें, नाहींतर ती मोडतोड पेशींत झाली असें भासतें.

हेंच टायटॅनियम डायऑक्साइड ‘ई १७१’ ह्या नांवानें खाद्यपदार्थांस पांढरा रंग देण्यास वापरीत. मे २०२१ मध्यें युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें, अनुवंशहानीची शक्यता नाकारतां येत नाहीं, सबब तें सुरक्षित मानतां येत नाहीं, असा निर्णय दिला. २०२२ सालीं युरोपीय संघानें खाद्यांत त्यास बंदी केली. उलट २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषि संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनें मर्यादा घालण्याचें कारण दिसत नाहीं असें ठरविलें. पुष्कळ प्रयोग बाजारांतील रंगावर नसून निराळ्या आकाराच्या कणांवर झालेले होते; त्यांस किती वजन द्यावें, हा वादाचा एक मुख्य मुद्दा होता.

आपल्या देशांतही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानें २०२० सालीं नॅनो शेती-निविष्ठा व खाद्यपदार्थ यांच्या मूल्यमापनाचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं आहेत. म्हणून शेतकरी बंधूंनीं नॅनो हें नांव ऐकून भिऊं नये, कीं भुलूंही नये. विक्रेत्यास तीन प्रश्न लेखी विचारावे: परीक्षा ह्याच मालावर झाली काय? कण पेशींत शिरले हें तपासलें काय? एकाहून अधिक परीक्षा झाल्या काय? बियाण्याची उगवण आपण त्याच पोत्यांतील दाणे घेऊन पाहतों. येथेंही तोच न्याय लावावा, अशी आमची विनंति आहे.