बांधावरील गावठी बोरीस डोळा भरणे

जळकोट तालुक्याचा बराच भाग बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात मोडतो. तेथील पुष्कळशी जमीन हलकी व मुरमाड असून उन्हाळ्यात विहिरी तळास जातात. २०१६ साली तर लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा मुलखात परसात वा बांधावर फळझाड लावावयाचे, तर ते अल्प पाण्यावर तगणारे हवे. असे झाड आपल्याकडे आपोआप उगवते. ते म्हणजे गावठी बोर. काटेरी व निरुपयोगी समजून ती तोडली जाते, हे नुकसानीचे आहे.

बोरीचे सोटमूळ खोल जाते. ऐन उन्हाळ्यात ती पाने गाळून विश्रांती घेते, पावसाळ्यात फुटते व हिवाळ्यात फळ देते. गावठी बोरीचे फळ लहान असते, एवढीच काय ती उणीव. उमराण किंवा कडाका यांसारख्या सुधारित जातीचा डोळा भरल्यास तीही दूर होते. नवीन रोप उपटून लावताना सोटमूळ तुटण्याचे भय असते. येथे मूळ आधीच जमिनीत रुजलेले असते.

डोळा भरण्याची रीत अशी : मार्च-एप्रिलमध्ये गावठी झाड जमिनीपासून सुमारे ३० सें.मी. उंचीवर करवतीने कापावे. नव्या फुटींपैकी एक-दोन जोमदार फुटी राखून बाकीच्या काढाव्यात. फूट पेन्सिलीइतकी जाड झाली म्हणजे जून ते ऑगस्ट या काळात तिच्या सालीवर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद द्यावा. सुधारित झाडाच्या निरोगी फांदीवरील फुगीर डोळा ढालीच्या आकारात सालीसह काढून त्यात बसवावा आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. डोळा फुटल्यावर त्यावरील शेंडा छाटावा व पट्टी सोडावी.

यापुढील काळजी अधिक महत्त्वाची आहे. डोळ्याखालून निघणारी प्रत्येक गावठी फूट वेळोवेळी खुडावी. ती राहिल्यास जोर धरते, सुधारित फूट मरते व सर्व श्रम वाया जातात. नव्या फुटीस काठीचा आधार द्यावा आणि शेळ्यांपासून बचावासाठी काट्यांचे कुंपण करावे.

बोरीस फळ त्या वर्षीच्या नव्या फुटीवरच येते. म्हणून दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत, झाड विश्रांतीत असताना, छाटणी करावी. भुरी रोगाची पांढरी बुरशी दिसताच १० लिटर पाण्यात २० ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घेऊन थंड वेळी फवारावे. फळमाशीने किडलेली व गळलेली फळे वेचून नष्ट करावीत आणि उन्हाळ्यात झाडाखालील जमीन खणावी, म्हणजे मातीतील कोष उन्हाने मरतात.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावी निदान एका बांधावर हे काम शेतकऱ्यांच्या हातून करवून घ्यावे. विहीर आटली तरी हिवाळ्यात घरच्या मुलांच्या हाती फळ पडावे, हे त्याचे फलित होय.