‘निरुपयोगी’ डोंगरांचे मोल

थरच्या वाळवंटाची धूळ दिल्लीकडे सरकू नये, यासाठी अरवलीची रांग आडवी उभी आहे. गुरुग्राममध्ये तिच्या कुशीतील बंद पडलेल्या खाणींवर नागरिक, महापालिका आणि कंपन्यांचे कर्मचारी-गट यांनी २०१० पासून जैवविविधता उद्यान उभारले. विलायती बाभळीच्या जागी धौ, सालई, खैर अशी कोरड्या प्रदेशातील मूळची झाडे रुजली, पक्षीही परतले. २०२२ मध्ये संरक्षित क्षेत्राबाहेरील संवर्धनस्थळ म्हणून देशातील पहिली मान्यता याच उद्यानाला मिळाली. परंतु हरियाणाच्या महसुली दफ्तरांत अरवलीचा बराच भाग ‘गैर मुमकिन पहाड’, म्हणजे लागवडीस निरुपयोगी डोंगर, असाच नोंदलेला आहे. कर्मचाऱ्यांचे एका दिवसाचे श्रमदान स्तुत्य खरे. पण सरकारी नोंदीत जे रान नाहीच, ते वाचवायचे कसे?