बारा व्होल्टचे पाच होतात, पण पाचच कसे राहतात?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, मोबाइलला हवेत ५. मधले ७ व्होल्ट उष्णतेत घालवता येतील, पण १ अँपिअरला ७ वॅट वाया आणि कामाला ५ वॅट. हा व्यवहार परवडत नाही. म्हणून वापरतात बक कन्व्हर्टर.

बक म्हणजे मुळात एक वेगवान स्विच. बाजारात छोट्या बोर्डावर मिळणारी एलएम२५९६ ही चिप घ्या. ती सेकंदाला साधारण दीड लाख वेळा स्विच चालू-बंद करते. चालू असताना पुढे १२ व्होल्ट, बंद असताना जवळपास शून्य. कॉइल आणि कपॅसिटर हे धक्के सपाट करतात आणि बाहेर सरासरी मिळते. ५ भागिले १२, म्हणजे सुमारे ४२ टक्के वेळ स्विच चालू ठेवायचा. स्विच आणि डायोडमधली घट धरली तर किंचित जास्त.

आता इंजिन सुरू झालं, बॅटरीवर १४ व्होल्ट आले. तेच ४२ टक्के ठेवले तर बाहेर पावणेसहाच्या वर जातील. म्हणजे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास आणायला हवं. हे कोण ठरवतं?

गंमत अशी की चिप ५ व्होल्ट थेट बघतच नाही. बाहेरच्या व्होल्टेजची दोन रेझिस्टर वाटणी करतात. वरचा सुमारे ३.१ किलोओहम, खालचा १ किलोओहम. खालच्यावरचा हिस्सा चिपकडे जातो. चिपच्या आत १.२३ व्होल्टचं पक्कं माप असतं. हिस्सा त्याहून कमी भरला की चालू वेळ वाढवायची, जास्त भरला की घटवायची.

ही दुरुस्ती घाईने करूनही चालत नाही. गिझरचं पाणी नळाला उशिरा येतं, आपण घाईने नळ फिरवतो आणि मग पोळतं. कॉइल-कपॅसिटरलाही असाच उशीर लागतो. घाई केली तर व्होल्टेज झुलत राहतं.

आता विचार करा, वरच्या रेझिस्टरचा सांधा सुटला तर? चिपला शून्य दिसतं. तिला वाटतं, बाहेर काहीच पोचत नाही. ती स्विच पूर्ण चालू ठेवते आणि बॅटरीचं जवळजवळ सगळं व्होल्टेज मोबाइलकडे जातं. चिप बिघडलेली नसते, तिला मिळालेली बातमी खोटी असते.

म्हणून स्क्रू फिरवून व्होल्टेज ठरवायचा बोर्ड घेतलात, तर आधी मल्टिमीटर लावा, ५ व्होल्ट पक्के करा, मगच काही जोडा. आणि महागडं उपकरण असेल, तर जादा व्होल्टेज रोखणारी वेगळी सोय हवीच.